युद्धात पुस्तकांनी दिलासा दिला, हे सिद्ध कसं करायचं?

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: संशोधनाचा विषय मिळेल हो, पण संशोधनाचा प्रश्न कुठे शोधायचा? "लिटरेचर रिव्ह्यू करा" हे उत्तर बरोबरच आहे, पण ते अर्धं आहे. प्रश्न कधी कधी चक्क कादंबरीत सापडतो. फक्त कादंबरी जिथे थांबते तिथून पुढे आपल्याला चालावं लागतं.

मी मूळची विज्ञान शाखेची. त्यामुळे इतिहास वाचतानाही प्रयोगशाळेतल्या सवयी सुटत नाहीत. एखादं विधान समोर आलं की लगेच मनात येतं: हे मोजलं कुणी? कशाने मोजलं? आणि जे दिसतंय त्याला दुसरं काही कारण असू शकतं का? आज हेच तीन प्रश्न आपण एका लोकप्रिय विधानाला विचारणार आहोत. विधान असं: "युद्धकाळात पुस्तकांनी लोकांना दिलासा दिला."

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या एका विधानाभोवती इंग्रजीत आणि युरोपीय भाषांत कितीतरी ऐतिहासिक कादंबऱ्या आल्या. त्यातली सगळ्यांत गाजलेली म्हणजे मेरी अॅन शाफर आणि अॅनी बॅरोज यांची 'द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी'. ही २००८ साली आली. शाफर स्वतः ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या. पुस्तक छापून येण्याआधीच त्या गेल्या आणि शेवटचं काम त्यांच्या भाचीने, म्हणजे बॅरोज यांनी, पुरं केलं. २०१८ मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. कथा थोडक्यात अशी: जर्मनांच्या ताब्यातल्या बेटावर काही शेजारी चोरून डुकराचं जेवण करतात, संचारबंदीत पकडले जातात, आणि वेळ मारून नेण्यासाठी "आम्ही वाचन मंडळातून येतोय" अशी थाप मारतात. मग ती थाप खरी करण्यासाठी त्यांना खरोखर पुस्तकं वाचावी लागतात, आणि हळूहळू ती पुस्तकंच त्यांचा आधार होतात.

वाचायला फार छान आहे. पण ही मंडळी आणि हे मंडळ, दोन्ही काल्पनिक आहेत. बेट मात्र खरं आहे आणि जर्मनांचा ताबाही खरा. म्हणून आधी तिथेच जाऊ.

गर्न्सी: दुसरं काही कारण असू शकतं का?

गर्न्सी हे इंग्लिश खाडीतलं, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं छोटं बेट. ३० जून १९४० रोजी जर्मन सैन्य तिथे उतरलं आणि ९ मे १९४५ पर्यंत बेट त्यांच्या ताब्यात होतं. सैन्य येण्यापूर्वी साधारण ४२,००० लोकसंख्येपैकी १७,००० च्या आसपास लोक इंग्लंडला निघून गेले होते. त्यात शाळकरी मुलं हजारोंनी होती. मागे राहिलेल्यांवर संचारबंदी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला, आणि जून १९४२ मध्ये लोकांकडचे रेडिओही जप्त झाले. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये उतरल्यावर बेटाची रसद तुटली. त्या डिसेंबरच्या अखेरीस रेडक्रॉसचं 'वेगा' जहाज अन्नाची पाकिटं घेऊन येईपर्यंत लोक अक्षरशः उपाशी होते.

आता एक काल्पनिक उदाहरण घ्या. समजा अशा ठिकाणच्या वाचनालयाचं रजिस्टर तुमच्या हाती लागलं आणि त्यात युद्धाच्या वर्षांत पुस्तकांची देवघेव दुप्पट झालेली दिसली. तुम्ही लगेच लिहाल का, की "पुस्तकांनी दिलासा दिला"? थांबा. संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, रेडिओ नाही, बोटीने कुठे जायची सोय नाही. माणूस करणार काय? वाचणार! म्हणजे वाढलेलं वाचन हे दिलाशाचं चिन्ह असू शकतं, तसंच नुसत्या कोंडलेपणाचंही. विज्ञानात याला कन्फाउंडिंग म्हणतात. कारण आणि परिणाम यांच्या मध्ये तिसराच एक घटक उभा असतो आणि आपल्याला तो दिसत नाही.

मग करायचं काय? एक उपाय म्हणजे लोकांनी कशासाठी धोका पत्करला ते पाहायचं. रिकामा वेळ कुणीही भरतो, पण जीव धोक्यात घालून माणूस जे वाचतो त्याची किंमत त्याच्या लेखी नक्कीच मोठी असते. गर्न्सीत असं काय होतं? बातमीपत्र. १९४२ ते १९४४ या काळात काही जण लपवलेल्या रेडिओवर बीबीसी ऐकून बातम्या टाइप करायचे आणि ते कागद गुपचूप हातोहात फिरायचे. शेवटी ते पकडले गेले. त्यांना जर्मनीतल्या तुरुंगांत पाठवलं आणि त्यातले काही परत आलेच नाहीत. म्हणजे या बेटावर ज्या वाचनासाठी माणसं मेली ते वाचन कथा-कादंबऱ्यांचं नव्हतं, ताज्या बातमीचं होतं. कादंबरीने दिलेला प्रश्न चांगलाच होता, पण "पुस्तक" हा शब्द तिथे अपुरा पडतो. संशोधनात प्रश्न असेच बदलत जातात.

बेथ्नल ग्रीन: दिलाशाची गोष्ट कोणाला हवी होती?

दुसरं उदाहरण लंडनचं. केट थॉम्पसन यांची 'द लिटल वॉरटाइम लायब्ररी' ही २०२२ ची कादंबरी पूर्व लंडनमधल्या बेथ्नल ग्रीनच्या वाचनालयावर आहे. यातलं वाचनालय मात्र खरोखर होतं.

७ सप्टेंबर १९४० रोजी, म्हणजे लंडनवरच्या बॉम्बवर्षावाच्या पहिल्याच रात्री, तिथल्या मुख्य वाचनालयावर बॉम्ब पडला. जवळच भुयारी रेल्वेचं एक स्टेशन अर्धवट बांधलेलं होतं. तिथून गाड्या सुरू झाल्या नव्हत्या, म्हणून लोक हवाई हल्ल्यापासून वाचायला तिथे उतरू लागले. पुढे तिथे हजारो लोकांच्या झोपण्याची सोय झाली, मुलांसाठी बालवाडी आली, नाटकांसाठी रंगमंच आला. आणि रुळांच्या जागेवर फळ्या टाकून सुमारे ४,००० पुस्तकांचं वाचनालयही उघडलं. कामावरून थेट भुयारात येणारी माणसं झोपण्याआधी पुस्तक बदलून न्यायची.

इथपर्यंतची गोष्ट मन भरून येईल अशीच आहे. पण त्याच स्टेशनच्या जिन्यावर ३ मार्च १९४३ च्या रात्री काय झालं तेही वाचा. भोंगा वाजला, लोक घाईने खाली उतरू लागले. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये नव्या विमानविरोधी अग्निबाणांचा अनोळखी, प्रचंड आवाज झाला. अंधारात, ओल्या पायऱ्यांवर कोणीतरी पडलं आणि मागून माणसांचा लोंढा कोसळत राहिला. १७३ माणसं गुदमरून मेली, त्यातली ६२ मुलं होती. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. सरकारने चौकशी केली, पण तिचा अहवाल १९४५ पर्यंत लोकांसमोर आणला नाही.

हे मी का सांगतेय? कारण लोकांचं मनोधैर्य टिकवणं हे तेव्हा सरकारचं काम होतं. जमिनीखाली शांतपणे वाचणारे लंडनकर हे चित्र सरकारला हवं होतं. जिन्यावरचा मृत्यूंचा ढीग नको होता. त्यामुळे त्या काळच्या वर्तमानपत्रात किंवा सरकारी पत्रकात "वाचनाने लोकांना धीर दिला" असं वाचलंत, तर ते खोटं आहे असं मानू नका, पण ते लिहिणाऱ्याला काय हवं होतं हे बाजूला नोंदवून ठेवा. प्रयोगशाळेत आपण उपकरणाची त्रुटी लिहून ठेवतो ना, अगदी तसंच.

व्हिल्ना: मोजणारा माणूस

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण इथे खुद्द युद्धाच्या आत बसून कोणीतरी मोजमाप करत होतं.

व्हिल्ना म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्नियस. ज्यू विद्येचं आणि यिद्दिश भाषेचं हे मोठं केंद्र. जून १९४१ मध्ये जर्मनांनी शहर घेतलं. सप्टेंबरमध्ये ज्यूंना काही गल्ल्यांत कोंडून घेट्टो उभारला. शहराबाहेर पोनारीचं जंगल होतं. तिथे नेऊन ज्यूंना गोळ्या घालायचं सत्र घेट्टो उभारण्याआधीपासूनच सुरू होतं. १९४१ संपता संपता घेट्टोत साधारण २०,००० माणसं उरली.

या घेट्टोत स्त्राशुन रस्त्यावर ६ क्रमांकाच्या इमारतीत जुनं ज्यू वाचनालय होतं. ते पुन्हा सुरू केलं हर्मन क्रुक यांनी. क्रुक मूळचे पोलंडचे, वॉर्सातले अनुभवी ग्रंथपाल, आणि बुंड या ज्यू कामगारांच्या समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते. १९३९ मध्ये वॉर्सातून पळून ते व्हिल्नाला आले होते. घेट्टो झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी वाचनालयाचं दार उघडलं. त्याबरोबर दोन गोष्टी नेमाने केल्या: रोज डायरी लिहिली, आणि वाचनालयाचे आकडे ठेवले.

त्यातली एक नोंद बघा. १ ऑक्टोबर १९४१, योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा सर्वांत पवित्र दिवस. त्या दिवशी घेट्टोतून हजारो लोकांना धरून नेलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून ३९० पुस्तकांची देवघेव झाली. घरातलं माणूस काल नेलंय आणि आज कोणीतरी पुस्तक बदलायला आलंय. कादंबरीकाराला इथे एक अख्खं प्रकरण मिळेल. आपल्याला फक्त एक आकडा मिळतो, आणि तो आकडा कशाचा आहे हे आपणच ठरवायचं असतं.

डिसेंबर १९४२ मध्ये घेट्टोने एक लाखाव्या पुस्तकाच्या देवघेवीचा समारंभ केला. साधा हिशेब मांडा: सुमारे १५ महिने, साधारण २०,००० लोक, म्हणजे माणशी पाच पुस्तकं. अर्थात ही सरासरी आहे. प्रत्यक्षात काही जण रोज येणारे असणार आणि कित्येक जण कधीच न आलेले. भूक, टायफस आणि सक्तीची मजुरी यांच्यामध्ये हा आकडा थक्क करणारा आहे, यात शंका नाही.

पण क्रुक आकड्यावर थांबले नाहीत. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी वर्षभराच्या वाचनाचा अहवाल लिहिला आणि त्यात विचारलं: लोक नेमकं वाचतात काय? उत्तर त्यांना आवडणारं नव्हतं. दर पाच पुस्तकांतली जवळजवळ चार मोठ्यांसाठीच्या कथा-कादंबऱ्या होत्या, आणि त्यातही मागणी हलक्याफुलक्या प्रेमकथांना आणि गुन्हेगारीच्या गोष्टींना. वैचारिक पुस्तकांना फारसं कोणी विचारत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर "कामगाराने चांगलं वाचावं" यासाठी वाचनालयं चालवली, त्याच्या हातातला डेटा त्याच्याच ध्येयाच्या विरुद्ध बोलत होता. त्यांनी तो लपवला नाही. उलट स्पष्ट लिहिलं की इथे वाचन हे अनेकांसाठी नशेसारखं झालंय, विचार टाळण्याचं साधन झालंय.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यांत मोलाचा पुरावा हाच. पुस्तकांवर प्रेम करणारा माणूस पुस्तकांविषयी गैरसोयीची गोष्ट लिहून ठेवतो, तेव्हा त्याच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवायला आपल्याला आधार मिळतो.

मग दिलासा म्हणजे काय?

क्रुक यांचा अहवाल वाचला की "दिलासा" हा शब्द एकसंध राहत नाही, त्याचे तुकडे पडतात. एक तुकडा विसरण्याचा. प्रेमकथा वाचणारी माणसं दोन तास दुसरीकडे जाऊन यायची.

दुसरा तुकडा याच्या अगदी उलट. क्रुक यांनीच नोंदवलंय की काही वाचक युद्धांचा आणि मध्ययुगातल्या छळाचा इतिहास शोधत यायचे. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'ला मागणी होती. आणि फ्रान्झ वेरफेल यांची 'मुसा दागचे चाळीस दिवस' ही १९३३ ची कादंबरी हातोहात फिरत होती. १९१५ मध्ये ऑटोमन सत्तेने आर्मेनियन लोकांचं हत्याकांड चालवलं तेव्हा एका डोंगरावर जाऊन लढलेल्या आर्मेनियनांची ती कथा. जरा विचार करा, घेट्टोतल्या माणसाने ही कादंबरी का मागितली असेल? विसरण्यासाठी तर नक्कीच नाही. आपल्यावर जे चाललंय ते आधी कोणावर तरी गुजरलंय आणि तेव्हा त्यांनी काय केलं, हे बघण्यासाठी. आज आपण घेट्टोवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतो. घेट्टोतली माणसंही ऐतिहासिक कादंबरीच वाचत होती, फक्त आपल्यापेक्षा फार वेगळ्या गरजेने.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: "समाजाला दिलासा मिळाला" असं म्हणताना समाज एकमताचा होता असं आपण गृहीत धरतो. व्हिल्नात तसं नव्हतं. जानेवारी १९४२ मध्ये घेट्टोत पहिला मोठा संगीत-नाट्य कार्यक्रम ठरला, तेव्हा स्मशानात नाटकं करत नाहीत अशी निषेधाची पत्रकं लागली. निषेध करणाऱ्यांत क्रुक आणि त्यांचे बुंडचे सहकारी होते. वाचनालय चालवणारा माणूस नाटकाला विरोध करतो! पुढे हा विरोध मावळला आणि घेट्टोतल्या सांस्कृतिक जीवनाचं मोल क्रुक यांनी डायरीत मान्यही केलं. पण त्या जानेवारीत करमणूक हा अनेकांना मेलेल्यांचा अपमान वाटत होता, हेही तितकंच खरं. तुमच्या प्रबंधात या मतभेदाला जागा नसेल, तर तो इतिहास न राहता गोड गोष्ट होईल.

आणि जी गोष्ट कादंबऱ्या बहुतेकदा हळुवारपणे बाजूला ठेवतात ती सांगायलाच हवी: पुस्तकांनी या माणसांना वाचवलं नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये घेट्टो रिकामा करण्यात आला. त्या एक लाख देवघेवींमागची बहुतेक माणसं युद्ध संपेपर्यंत मारली गेली होती.

क्रुक यांना एस्टोनियातल्या छळछावणीत नेलं. तिथेही ते लिहीत राहिले. १७ सप्टेंबर १९४४ रोजी लागेदी इथल्या छावणीत त्यांनी काही साक्षीदारांसमोर आपल्या वह्या जमिनीत पुरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना आणि इतर कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी सोव्हिएत फौज तिथे पोचली. साक्षीदारांपैकी एक जण वाचला होता, त्याने येऊन वह्या उकरून काढल्या. क्रुक यांची डायरी १९६१ मध्ये यिद्दिशमध्ये आणि २००२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. वर मी जे आकडे आणि निरीक्षणं दिली, ती आपल्यापर्यंत पोचली यात अशा माणसांच्या धडपडीचा वाटा आहे. आपण ज्याला सहजपणे "प्रायमरी सोर्स" म्हणतो, तो कोणीतरी मरणाच्या आदल्या दिवशी खड्ड्यात ठेवलेला असू शकतो.

आता तुमची पाळी

सरावासाठी विषय लांबचाच हवा असं नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पोलंडमधून हद्दपार केलेली कुटुंबं इराणमार्गे भारतात आली, आणि त्यातले सुमारे ५,००० लोक १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. म्हणजे घर हरवलेला एक अख्खा समाज पंचगंगेच्या काठाजवळ पाच वर्षं आपल्या भाषेत शिकत-वाचत होता.

यावर दोनशे शब्दांची सिनॉप्सिस लिहून बघा. आधी "दिलासा" हा शब्द न वापरता प्रश्न मांडा: कोणी, काय, कुठे, कशासाठी वाचलं? मग कोणता कागद मिळाला तर त्याचं उत्तर देता येईल ते लिहा: शाळेचा अभ्यासक्रम, पुस्तकांच्या खरेदीची यादी, पत्रं, आठवणी. त्या प्रत्येक कागदापुढे तो लिहिणाऱ्याला काय दाखवायचं होतं ते लिहा. आणि शेवटी असा कोणता पुरावा सापडला तर तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल, तेही लिहा. गाईडसमोर जाल तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा या शेवटच्या ओळीबद्दलच विचारलं जाईल, म्हणून ती कोरी ठेवू नका.